आठव्या पणतीची अक्षरे

दिवाळीत अंगणाच्या कठड्यावर आठ पणत्या ओळीने मांडाव्यात; त्यांतील काही पेटवाव्यात, काही तशाच ठेवाव्यात. अशा किती तऱ्हा होतील? वर्गात मी हा प्रश्न घातला की उत्तरे सोळापासून चौसष्टापर्यंत येतात. खरे उत्तर २५६ आहे. एकही पणती पेटलेली नाही, ही तऱ्हासुद्धा त्यांत धरावयाची. चाळीस वर्षांपूर्वी जगातील लाखो घरांत जे छोटे संगणक शिरले, त्यांची सारी विद्या या २५६ तऱ्हांत सामावलेली होती. ते एका वेळी आठ पणत्या पाहत, म्हणून त्यांना आठ बिटांचे संगणक म्हणत.

त्यांतील एक मोठा लोकप्रिय संगणक इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. त्याचे नाव स्पेक्ट्रम. पाटीपेक्षा फार मोठा नाही. पडदा म्हणून घरचा दूरदर्शन संच आणि स्मरणवही म्हणून गाण्याचा कॅसेट प्लेअर. मोठ्या नमुन्याची किंमत १७५ पौंड होती. ती एवढी कमी कशी, याचे एक कारण मला फार आवडते. त्याच्या स्मृतीच्या वरच्या भागात ज्या चिपा घातल्या, त्या कारखान्यात अर्ध्या बिघडलेल्या निघालेल्या चिपा होत्या. ६४ हजारांच्या चिपेचा जो अर्धा भाग धड असेल, तेवढाच वापरावयाचा आणि उरलेल्याकडे पाहावयाचे नाही! कीड लागलेला भाग कापून उरलेल्या वांग्याची भाजी करणारी आपल्याकडील गृहिणी सिंक्लेअरला सख्खी वाटली असती.

आपल्याकडे ही यंत्रे दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि सुमारे अडीचशे शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे इंग्लंडचेच आठ बिटांचे संगणक दिले. पुढे मोहालीच्या सरकारी कारखान्यात तेच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार होऊ लागले. दुसरी वाट खासगी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली. तिचे नाव ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. काही हजार यंत्रे खपली. १९९० च्या सुमारास तो बाजार ओसरला आणि यंत्रे माळ्यावर गेली.

आमच्या कळंबला अशा एका यंत्राला माळ्यावरून खाली आणणारा एक तरुण आहे. माझा जुना विद्यार्थी. नाव सांगितलेले त्याला आवडणार नाही. यंत्र त्याच्या आजोबांचे. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता नाहीत. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या हवेने यंत्राचे जे व्हावयाचे ते झाले होते. कळफलकाखालचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा कडक होऊन तडकला होता, आतील कपॅसिटर निकामी झाले होते. त्याने नवा पापुद्रा मागविला, कपॅसिटर बदलले, आणि हल्लीच्या टीव्हीला चालावे म्हणून चित्राची तार निराळ्या ठिकाणाहून काढली. मी विचारले, “अरे, याहून हजारपट मोठा संगणक तुझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे. मग हा खटाटोप कशाला?” तो म्हणाला, “सर, फोनमध्ये काय चाललंय ते मला कधीच कळणार नाही. हा मात्र पूर्ण कळतो.”

त्याचे हे म्हणणे मला पटले. स्पेक्ट्रमचा मूळ कार्यक्रम अवघा १६ हजार अक्षरांएवढा. तो ओळ न् ओळ वाचून पुरा समजून घेतलेली माणसे जगात आहेत. त्यांनीच पुढे संगणकाचे बहुरूपी घडविले. त्यांना एम्युलेटर म्हणतात. म्हणजे असे, की आजचा संगणक त्या जुन्या यंत्राचे सोंग घेतो. सोंग इतके हुबेहूब, की जुना कार्यक्रम फसतो आणि आपण १९८२ मध्येच आहोत असे समजून चालू लागतो. १९८६ मध्ये सिंक्लेअरच्या संगणकांचे हक्क अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतले होते. तिने १९९९ मध्ये, तो मूळ कार्यक्रम एम्युलेटरबरोबर वाटावयास खुशाल परवानगी दिली. २०१७ मध्ये तर हौशी लोकांनी वर्गणी जमवून ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ नावाचे सुधारलेले नवे यंत्रच करावयास घेतले आणि २०२० मध्ये ते लोकांच्या हाती दिले. १९७६ पासून निघत असलेली झेड-८० ही चिप म्हणजे या यंत्राचे काळीज. मूळ कंपनीने तिच्या जुन्या रूपातील उत्पादन थांबवीत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा आमच्या या तरुणाने दोन चिपा मागवून डब्यात ठेवल्या.

यंत्र वाचले. पण यंत्रावर आपल्या माणसांनी जे लिहिले, त्याचे काय? इंग्लंडमधील खेळांच्या कॅसेटी हजारोंनी निघाल्या. त्यांतील एखादी चांगली प्रत कुठेतरी उरतेच. घरी बसून कोणी टंकलेल्या कार्यक्रमाची प्रत मात्र एकच. आमच्याजवळ नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमच्या बरोबर शंभर वर्षे आधी, पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दगड बावीसशे वर्षे टिकला. चुंबकीय फितीला बुरशी लागावयास चार पावसाळे पुरतात.

आजोबांच्या सामानात एकच कॅसेट होती. तिच्यावर पेन्सिलीने ‘पाढे’ असे लिहिलेले. ती वाचविताना मी शेजारी बसलो होतो. त्याने फीत कापसाने हळूच पुसली, प्लेअरच्या डोक्याजवळील बारीक स्क्रू केसभर फिरवून आवाज स्वच्छ केला, आणि तो आवाज आजच्या संगणकात उतरवून एम्युलेटरला ऐकविला. पडद्याच्या कडेला आधी तांबडे-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले. तिसऱ्या खेपेला पाढे आले. मराठीत!

हे किती अवघड होते, ते सांगितले पाहिजे. इंग्रजी लिपीचा ठरलेला संकेत सातच पणत्यांत भागतो. १२८ तऱ्हा तिला पुरतात. आठवी पणती पेटली की पुढील १२८ घरे सुरू होतात. याच वरच्या घरांत आपल्या लिप्या बसवाव्यात, हा भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ या संकेताचा पाया; १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. आठ बिटांच्या जगात आठवी पणती आपल्या अक्षरांची ठरली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम १९८८ नंतर पुण्याच्या सीडॅकने पुढे नेले, त्याची कथा निराळी आणि मोठी आहे. आजोबांजवळ यांतले काहीच नव्हते. पण स्पेक्ट्रमनेही आपल्या वरच्या घरांत, १४४ पासून १६४ पर्यंत, २१ घरे मालकासाठी मोकळी ठेवली होती. तिथे हवे ते चिन्ह काढावे. मात्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात. ओळीतील आठही ठिपके पेटले तर अंक २५५. ती झाली शिरोरेषा. घरे एकमेकांना चिकटून असल्यामुळे ही रेषा आपोआप सलग जुळते. इथपर्यंत सुख आहे. पण वेलांटीला आणि मात्रेला वर जागा हवी, म्हणून शिरोरेषा तिसऱ्या ओळीवर आणावी लागते. मग अक्षराच्या अंगाला उरतात पाच ओळी, आणि उकार आला तर त्याहूनही कमी. त्यांचा ‘त्रि’ ओळखावयास डोळे बारीक करावे लागतात.

आणि घरे फक्त २१! वर्णमाला त्यांत बसत नाही. आजोबांनी वर्णमालेचा नादच सोडला. बे एके, बे दुणे, बे त्रिक, बे चोक, बे पंचे, बे सक, बे साते, बे आठे, बे नवे, बे दाहे. एवढे म्हणावयास अक्षरे किती लागतात, ते त्यांनी मोजले असले पाहिजे. उत्तरे यंत्राच्या इंग्रजी अंकांत ठेवली. मात्रेसकट अख्खे अक्षर एका घरात घातले. ‘चोक’चा क तोच ‘त्रिक’ला आणि ‘सक’ला वापरला. बेच्या पाढ्याला १९ घरे लागली. तिनाच्या पाढ्याला एक ‘ती’ तेवढी नवी हवी, कारण न तर ‘नवे’मध्ये आलेलाच आहे. झाली २०. चाराच्या पाढ्याला ‘चा’ आणि ‘र’ अशी दोन हवीत, आणि शिल्लक घर एकच. म्हणून पाढे दोनच.

ही सारी अक्षरे मिळून १६० अंक होतात. तरुणाने ते कागदावर छापून घेतले आहेत. मी ते वर्गात नेतो आणि मुलांकडून चौकोनी वहीत ठिपके रंगवून घेतो. बे उमटला की मागच्या बाकापर्यंत गलका होतो. स्पेक्ट्रममध्ये ज्या घरात मालकाने काही काढलेले नसते, तिथे आधीपासूनचे इंग्रजी अक्षर दिसते. आजोबांच्या एकविसाव्या घरात इंग्रजी ‘यू’ अजून तसाच उभा आहे.