चाकांवरचे जुने घर

ट्रेलर म्हटले की तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरमागची, उसाने भरलेली गाडी उभी राहील. आज ज्या ट्रेलरविषयी बोलायचे आहे, तोही मागूनच ओढला जातो. पण त्याच्या पोटात ऊस नसतो, संसार असतो. निजायला बाक, शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचे कपाट, असे सगळे बिऱ्हाड. मोटारीला जोडावे आणि निघावे.

ही अमेरिकेतली गोष्ट. तेथे मोटार स्वस्त झाली तशी माणसे बिऱ्हाडासकट रस्त्याला लागली. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे अशा हौशी मंडळींनी आपला संघ काढला. त्याचे नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे आपल्या भाषेत पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी. या हौशीतूनच पुढे वॉली बायम याने १९३१ साली ‘एअरस्ट्रीम’ हा कारखाना कॅलिफोर्नियात सुरू केला. बायम लहानपणी मेंढ्या राखीत असे आणि गाढव जुंपलेल्या दोन चाकांच्या गाडीत स्टोव्ह, पाणी व अंथरूण घेऊन रानात मुक्काम करीत असे, असे सांगतात. आपल्या धनगराला त्या गाडीचे काही नवल वाटले नसते!

पण खरी कल्पना आली ती विमानातून. हॉली बोलस हा लिंडबर्गच्या प्रसिद्ध विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेला माणूस. त्याने १९३४ मध्ये विमानासारखाच, ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी फासळ्यांवर ठोकून, एक निमुळता ट्रेलर केला. त्याचा धंदा बुडाला. बायमने तो घाट उचलला, पुढे असलेले दार बाजूला आणले आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला. किंमत बाराशे डॉलर, आणि तीही मंदीच्या दिवसांत. १९५९ साली असे एक्केचाळीस ट्रेलर केपटाऊनहून कैरोकडे निघाले. १९६३-६४ मध्ये निघालेला जगप्रदक्षिणेचा तांडा तर आपल्या भारतातूनही गेला.

हे ट्रेलर आता म्हातारे झाले आहेत. कोणाच्या परसात, कोणाच्या गोठ्यामागे गवतात उभे आहेत. ते हौशी माणसे शोधून काढतात, आणि मग वाद सुरू होतो : हा ट्रेलर होता तसा ठेवायचा, की आतून नवा करायचा? एक पक्ष म्हणतो, मूळचा स्क्रूही हलवू नका. दुसरा म्हणतो, बाहेरचा पत्रा तेवढा ठेवा. आत आम्हाला झोपायचे आहे, संग्रहालय मांडायचे नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार हा एकच शब्द दोन्ही कामांना चालतो. त्यामुळे कित्येकदा काय राखले आणि काय मोडले, याचा हिशेबच राहत नाही.

आता हा वाद नुसता आवडीनिवडीचा नाही. तो कसा, ते जमिनीपासून पाहू. ट्रेलरच्या खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर प्लायवुडची जमीन आणि तिच्या कडेवर ॲल्युमिनियमचे कवच बसवलेले असते. वर्षानुवर्षे खिडक्यांतून, सांध्यांतून पाणी झिरपते आणि मागच्या बाजूची जमीन कुजते. बाहेरून पाहावे तर ट्रेलर ठणठणीत, आत पाय टाकावा तर फळी दबते. कधी कधी मागचे कवच सांगाड्यापासून सुटू लागते. अशा वेळी ‘मूळचे आहे, हात लावू नका’ असे म्हणणे म्हणजे ट्रेलर मरू देणेच होय. जमीन बदलायची तर आतले सामान बाहेर काढावेच लागते, आणि पुष्कळदा कवचही उचलावे लागते.

पत्र्याचीही गोष्ट अशीच. मूळची रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात : एक बाहेरून ठोकणारा, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा धरून उभा. त्यासाठी आतला पत्रा काढावा लागतो. म्हणून दुरुस्ती करणारे कित्येक जण एकाच बाजूने बसवता येणारी रिव्हेट वापरतात. ती चांगली बसवली तर दुरून फरक कळत नाही. ही तडजोड मला पटते.

जी पटत नाही ती चकाकी! जुना एअरस्ट्रीम दिसला की त्याला यंत्राने घासून आरसा करायचा, अशी चाल पडली आहे. कारखान्यातून निघताना तो काही असा आरसा नसे. शिवाय या पत्र्याच्या अंगावर शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो आणि तोच आतल्या मिश्रधातूला गंजापासून जपतो. घासाल तितका तो झिजतो. तांब्याच्या पातेल्याला पुन्हा कल्हई लावता येते. हा थर मात्र घरी पुन्हा चढवता येत नाही. म्हणजे ‘मूळ रूप आणले’ असे म्हणत मूळचेच उडवले.

उलट, गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा, ब्रेक आणि टायर यांच्याविषयी वाद घालू नये. जुना ट्रेलर रस्त्यावर न्यायचा असेल तर या गोष्टी तपासून घ्याव्यात आणि जीर्ण झालेल्या बदलाव्यातच. धुराला बाहेर वाट नसलेल्या जुन्या शेगडीने बंद खोलीत विषारी वायू साठतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. तेथे इतिहासाची भक्ती कामाची नाही. शिवाय स्वतः बायमचे म्हणणे असे की उगाच बदल करू नयेत, सुधारणा तेवढ्या कराव्यात. त्याच्या कारखान्याने ते ब्रीदच केले. मग ‘मूळ’ म्हणजे नेमके कोणत्या वर्षीचे?

या प्रश्नाला फार चांगले उत्तर मिळते ते चंद्रावरून परत आलेल्या माणसांच्या ट्रेलरात. १९६९ च्या जुलैत आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स समुद्रात उतरले. त्यांच्याबरोबर चंद्रावरचे काही जंतू आले असतील, या भीतीने त्यांना जणू सुतकात बसवावे तसे वेगळे ठेवले. कशात? तर फेरफार केलेल्या एअरस्ट्रीम ट्रेलरात. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला होता, म्हणजे फटीतून हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. जी हवा बाहेर सोडायची ती गाळून. त्याच्या काचेपाशी वाकून राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी बोलले. पासष्ट तास ते तिघे त्यात राहिले, आणि त्यांच्यासकट तो ट्रेलर विमानातून ह्यूस्टनला नेला. आज तो स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

असे चार ट्रेलर बांधले होते. त्यांतला अपोलो १२ च्या चांद्रवीरांचा ट्रेलर पुढे विस्मृतीत गेला, आणि २००७ साली अलाबामा राज्यातील मॅरियन येथे, माशांची पैदास करण्याच्या केंद्रात सापडला. समजा, तो ज्याच्या हाती लागला त्याने ‘हा तर सहलीचा ट्रेलर, कोणी तरी मोडतोड केलेली दिसते’ असे म्हणून नळ्या, गाळण्या काढल्या असत्या आणि त्याला सहलीचे मूळ रूप दिले असते तर? त्या मोडतोडीतच तर त्याचा इतिहास होता! आज तो हंट्सव्हिलच्या अंतराळ संग्रहालयात आहे.

तेव्हा जुना ट्रेलर हाती आला की पहिल्या दिवशी पान्हा उचलू नये. आधी मोजमाप घ्यावे, छायाचित्रे काढावीत, कोणते कपाट कारखान्याचे आणि कोणते मागाहून मालकाने घरी ठोकलेले, ते नीट ओळखावे. कित्येकदा घरी ठोकलेल्या कपाटातच त्या कुटुंबाचे सारे जगणे दिसते. नवे बसवायचे ते पुन्हा काढता येईल असे बसवावे : स्क्रूने, डिंकाने चिकटवून नव्हे. काढलेली शेगडी, दिवे, कड्या यांना चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेवाव्यात, आणि ट्रेलर विकायची वेळ आली तर ती पेटी आणि काय काय बदलले त्याची यादी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावी.