कापसाचें सोनें आणि ज्वारीचें पेव

वऱ्हाडास ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणण्याची जुनी रीत आहे. हें सोनें म्हणजे कापूस, हें सांगावयास नको. देशाची संपत्ति झपाट्यानें वाढली म्हणजे त्यांतील दारिद्र्य आपोआप हटतें, असें आज सर्रास गृहीत धरतात. त्याची पारख करावयाची तर यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजीसारख्या काळ्या जमिनीच्या टापूकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

१८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. घाटंजीचा मुलूख तेव्हां वणीकडचा म्हणून ओळखला जाई. त्यास यवतमाळ जिल्हा हें नांव १९०५ मध्यें मिळालें. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईस भाव कित्येक पटींनीं चढले. १८६५ मध्यें युद्ध संपतांच ते कोसळले. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यास ज्यांनीं पैसा दिला ते प्रेमचंद रायचंद ह्याच लाटेवर चढले होते, आणि तिच्याबरोबरच खालीं आले. कापूस मात्र मागें हटला नाहीं. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोहोंचली. पूर्वीं बैलांच्या तांड्यांवर मिर्झापुराकडे रखडत जाणारा माल थेट मुंबई बंदरांत उतरूं लागला. सरकी काढण्याचे कारखाने निघाले, पेठा वसल्या. कांहीं कुणब्यांच्या घरींही पैसा आला. तें नाकारणें अन्यायाचें होईल.

परंतु ह्या सुबत्तेंत एक गोष्ट हळूहळू नाहींशी होत गेली. सुकाळांतली ज्वारी जमिनींतल्या पेवांत साठवीत आणि तिच्यावर एखादें कोरडें वर्ष निभावून नेत. कापूस पेवांत ठेवून खातां येत नाहीं. तो विकावा तेव्हां धान्य मिळावें; आणि विक्रीचा पैसा हातीं पडतांच सारा व सावकार दोघेही दारांत उभे. जमीन गहाण टाकण्याजोगी झाली, म्हणूनच तिच्यावर कर्जही चढलें. मजुराजवळ तर पेवही नव्हतें आणि कापूसही नव्हता. होती ती केवळ निंदणी-वेचणीची मजुरी.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ह्याची परीक्षा झाली. रुळांवरून धान्य येत होतें, बाजारांत मिळतही होतें. पण पाऊस नाहीं म्हणून पीक नाहीं, पीक नाहीं म्हणून मजुरी नाहीं, आणि मजुरी नाहीं म्हणून तेंच धान्य विकत घेण्याचें सामर्थ्य नाहीं! १८९१ मध्यें २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्यें २७ लाख ५४ हजारांवर आली. हिंदुस्थानांतील एका भरभराटीच्या म्हणून गाजलेल्या प्रांताचे हे आंकडे आहेत.

१९७२ च्या अवर्षणांत महाराष्ट्रांतलीं पिकें पुन्हा बुडालीं. ह्या वेळीं मात्र लाखों लोकांस सरकारी कामांवर मजुरी मिळाली आणि १९०० सालचा प्राणनाश टळला. वि. स. पागे ह्यांनीं पुढाकार घेतलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्यें कायदा झाला; तिच्यासाठीं नोकरदारांच्या पगारांतून व्यवसायकर कापूं लागले. आमच्या व्यवसायबंधूंनीं त्याविषयीं पुष्कळ कुरकुर केली. वस्तुतः एवढ्या थोड्या पैशांत एवढें मोठें काम झाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

उपासमार टळली, कर्ज टळलें नाहीं. २००२ मध्यें नवें बीटी बियाणें आलें, त्याबरोबर शेतीचा खर्चही वाढला. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ मध्यें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं केंद्र सरकारास ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. त्या सहांत यवतमाळ होता. घाटंजीकडचा कापूस आजही बहुतांशीं पावसाच्याच भरंवशावर उभा असतो.