एसटीचा थांबा आणि शाळेचं अंतर : कुठला अर्ज कुठं द्यायचा?

शाहूपुरी (कोल्हापूर) : जून उजाडला की गावागावांत एकच तक्रार सुरू होते. पोरं फाट्यावर उभी असतात, एसटी भरून येते आणि न थांबता निघून जाते. दुसरीकडं वस्तीवरची लहान पोरं ओढा ओलांडून शाळेला चालत जातात. पालक अर्ज करतात, पण शाळा म्हणते आगारात जा, आगार म्हणतं पंचायत समितीत जा. शाहूपुरीतल्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत हेलपाटा मारून हात हलवत परत आलेले पालकही भेटतात.

यात एक घोळ कायम असतो. शाळेचं अंतर, एसटीचा पास आणि स्कूल बसचा थांबा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हीचे नियम वेगळे, कार्यालयंही वेगळी. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की वर्ष वाया जातं. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

१) पहिली ते आठवी : १ आणि ३ किलोमीटरचा नियम

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि महाराष्ट्राचे नियम २०११ मध्ये आले. पहिली ते पाचवीच्या मुलांना १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं हे नियम सांगतात. लहान वस्तीला तेवढ्या अंतरात शाळा नसेल, तर सरकारनं मोफत वाहतुकीची किंवा निवासाची सोय करायची आहे. समग्र शिक्षा योजनेतून त्यासाठी वाहतूक भत्ता मिळतो. केंद्राच्या निकषात तो एका मुलामागं वर्षाला जास्तीत जास्त ६ हजार रुपये आहे.

अंतर कसं मोजायचं, यावर वाद होतो. नियमातला शब्द 'चालत जाण्याचं अंतर' असा आहे. म्हणजे नकाशावर सरळ रेघ ओढून चालणार नाही, पोरगं ज्या वाटेनं जातं ती वाट मोजायची. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पलीकडची शाळा जवळ वाटते. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की लांबच्या पुलावरून वळसा पडतो. अर्जात ही पावसाळ्यातली वाट किलोमीटरसह लिहा, पाण्याखालच्या बंधाऱ्याचा फोटोही जोडा.

एक अट लक्षात ठेवा. जवळ सरकारी शाळा असताना पालकांनी आपल्या पसंतीनं लांबची शाळा निवडली, तर हा भत्ता मागता येत नाही.

अर्ज कुठं : मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळं समितीचा ठराव जोडला की अर्जाला वजन येतं.

२) आठवीनंतर काय?

खरी अडचण इथं आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीला हायस्कूल लांब असतं आणि नेमका तेव्हाच किलोमीटरचा हक्क संपतो. मग उरते ती एसटी. शेवटची गाडी चुकली आणि पोरगी अंधारात फाट्यावर अडकली, असं दोनदा झालं की घरात तिची शाळा बंद करायची भाषा सुरू होते. त्यामुळं थांब्याचा प्रश्न साधा नाही.

ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया भरायचा. जून २०२४ पासून एसटीनं पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली आहे. शाळेनं यादी आगाराला दिली की पोरांना पासच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. तुमच्या शाळेनं यादी दिली का, हे जूनमध्येच विचारा.

एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यानं आकारतात. म्हणून थोडं पुढच्या थांब्यावरून पास काढला तर पैसे वाढू शकतात. पास काढताना थांब्याचं नाव बरोबर लिहिलंय का, ते बघून घ्या.

३) पास आहे, पण गाडी थांबत नाही

पास मिळाला म्हणजे थांबा मिळाला असं नाही. तुमच्या फाट्यावर थांबा नसेल, तर विनंती थांबा मागावा लागतो. हा अर्ज शाळेकडं नाही, आगार व्यवस्थापकाकडं द्यायचा. राधानगरी, गारगोटी, गगनबावडा, मलकापूर, चंदगड अशी आगारं तालुक्यात आहेत. तिथं दाद लागली नाही तर कोल्हापूरच्या विभाग नियंत्रकांकडं जा. केएमटीची बस असेल तर अर्ज महापालिकेच्या परिवहन उपक्रमाकडं.

अर्जात एवढं हवंच :
– फाट्याचं नाव आणि आधीच्या-पुढच्या थांब्यापासूनचं अंतर
– किती मुलं-मुली, कुठल्या इयत्तेत
– शाळा भरायची आणि सुटायची वेळ
– कुठली गाडी, कुठल्या तारखांना थांबली नाही
– ग्रामसभेचा ठराव आणि शाळेचं पत्र

'गाडी कधीच थांबत नाही' असं लिहून उपयोग नाही. दोन आठवडे वहीत तारीख, वेळ, गाडी नंबर टिपून ठेवा.

४) खासगी स्कूल बस

इथं किलोमीटरचा हक्क नाही, पण नियम आहेत. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. सुरक्षित वाहतूक, बसची फी आणि थांबे ठरवणं हे या समितीचं काम. त्यामुळं थांबा बदलायचा असेल तर ड्रायव्हरशी भांडू नका, समितीकडं लेखी द्या.

५) अर्जाला उत्तरच नाही आलं तर?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे जिल्हा परिषदेकडं लेखी देता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं. एसटीच्या अर्जाचं काय झालं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक अर्जाची पोहोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर राहत नाही.

बोललं तर ऐकलं जातं, याचं एक उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून चालत शाळा गाठायच्या. बातमी आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याच मातीत आज पोरगी फाट्यावर एसटीची वाट बघत थांबते, हे बरं दिसत नाही.

या आठवड्यात एवढं करा : वस्तीतल्या चार पालकांनी एकत्र बसून मुलांची इयत्तेनुसार यादी करा. आठवीपर्यंतच्या मुलांचा अर्ज पंचायत समितीला, पुढच्या मुलांचा अर्ज आगाराला द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा चाळीस सह्यांचा अर्ज लवकर वाचला जातो.