गुप्ती, परवाना आणि मोटारीतील कप्पा: अमेरिकी शस्त्रकायद्यातील ‘प्रवासी’

काठीच्या पोटात दडवलेल्या पात्याला मराठीत ‘गुप्ती’ म्हणतात. शस्त्राला त्याच्या आकारावरून किंवा धारेवरून नव्हे, तर त्याच्या लपण्यावरून नाव मिळाल्याचे हे बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील केंटकी राज्याने १८१३ मध्ये छुप्या शस्त्रांविरुद्ध कायदा केला, तेव्हा खिशातले पिस्तूल, खंजीर आणि मोठा सुरा यांच्या पंक्तीत नेमकी ही गुप्तीही बसवली होती. शस्त्र बाळगणे हा त्या कायद्याच्या लेखी गुन्हा नव्हता. ते लपवणे हा गुन्हा होता. मात्र त्यात एक सूट होती. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने शस्त्र लपवले तरी चालत असे. गुप्ती बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका इसमाच्या खटल्यात १८२२ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने हा कायदाच रद्द ठरवला. पुढे १८५० च्या राज्यघटनेने छुप्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्टपणे दिला. कायदे बदलत राहिले. प्रवाशाचा अपवाद मात्र दक्षिणेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत टिकून राहिला आणि पुढच्या शतकात मोटारीत जाऊन बसला. प्रस्तुत निबंधाचा विषय हा मोटारीत बसलेला प्रवासी आहे.

एकोणिसाव्या शतकातील न्यायपत्रे वाचताना त्यांतील नीतिभाषा प्रथम नजरेत भरते. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० मध्ये उघड शस्त्राला मर्दानी ठरवले आणि छुप्या शस्त्राचा संबंध भ्याड हत्येशी जोडला. सन्मान आणि कपट अशी ही जुनी जोडी आहे. वीरकथांच्या अभ्यासकाला ती नवी वाटणार नाही. पण ही भाषा ज्या समाजात बोलली जात होती, त्या समाजात उघड शस्त्र घेऊन हिंडण्याची मुभा कोणाला होती, हा प्रश्न न्यायपत्रात येत नाही. गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेत त्याचे उत्तर लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

गुलामगिरी संपल्यावर ही अडचण निर्माण झाली. चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर (१८६८) कायद्याच्या मजकुरात वंशाचे नाव घेणे अवघड झाले. फ्लोरिडाने १८९३ मध्ये जो कायदा केला त्यात म्हणूनच कोणत्याही वंशाचा उल्लेख नाही. वारंवार गोळी झाडणारी रायफल जवळ बाळगायची असेल तर जिल्ह्याच्या आयुक्तांकडून परवाना घ्यावा आणि शंभर डॉलरचा जामीनरोखा द्यावा, एवढेच तो सांगतो. १९०१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पिस्तूलही परवान्याच्या कक्षेत आले. मजकूर पाहिला तर त्याच्याइतका निःपक्षपाती कायदा सापडणे कठीण.

या मजकुराचे खरे वाचन १९४१ मध्ये झाले, तेही एका मोटारीमुळे. मोटारीतील कप्प्यात विनापरवाना पिस्तूल सापडल्याबद्दल अटक झालेल्या एका इसमाचे प्रकरण फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ‘वॉटसन विरुद्ध स्टोन’ या नावाने ते ओळखले जाते. कायद्यातील शब्द ‘जवळ बाळगणे’ किंवा ‘प्रत्यक्ष ताब्यात असणे’ अशा अर्थाचे होते. कप्प्यातील पिस्तूल या शब्दांत बसते काय? न्यायालयाने दंडविधानाचा अर्थ संकुचितच लावला पाहिजे, असे म्हणून बसत नाही असा निर्णय दिला. व्यापारी, पर्यटक, फिरते विक्रेते, रात्री-अपरात्री बोलावणे येणारे व्यावसायिक अशी हमरस्त्यावरच्या माणसांची यादीच न्यायपत्रात येते. केंटकीच्या कायद्यातील घोडेस्वार प्रवासी येथे मोटार चालवीत पुन्हा अवतरलेला दिसतो.

निर्णयाशी सहमत असलेले न्यायमूर्ती रिव्हर्स ब्युफोर्ड यांनी मात्र स्वतंत्र मत जोडले, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज तेच आहे असे मला वाटते. त्यांनी लिहिले त्याचा आशय असा: या कायद्याचा इतिहास आपणास ठाऊक आहे, टर्पेंटाइन आणि लाकूडतोडीच्या छावण्यांत कामासाठी मोठ्या संख्येने आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी तो केला गेला, गोऱ्या लोकांना तो लागू व्हावा असा हेतू कधीच नव्हता आणि व्यवहारात तो त्यांना लागूही केला गेला नाही. ग्रामीण फ्लोरिडातील ऐंशी टक्क्यांहून अधिक गोऱ्या पुरुषांनी हा कायदा मोडला असेल, असा अंदाजही त्यांनी सांगून टाकला. या मतात कबुलीचा सूर नाही, पश्चात्तापाचा तर नाहीच. ब्युफोर्ड हे सर्व कायद्याचा अर्थ लावण्याचे साधन म्हणून सांगतात: हेतू असा होता, म्हणून या आरोपीला तो लागू करू नये. मजकुरात जे लिहिलेले नाही ते सर्वांना ठाऊक असते आणि अंमलबजावणी त्या न लिहिलेल्याचीच होते, हे एखाद्या न्यायाधीशाने इतक्या निर्विकारपणे नोंदवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

भारतीय वाचकाला येथे १८७८ चा शस्त्रकायदा आठवल्याशिवाय राहणार नाही. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला त्याच वर्षी, तो आला. ज्याच्या हाती लेखणी त्याच्यावर एक कायदा आणि ज्याच्या हाती तलवार त्याच्यावर दुसरा. या शस्त्रकायद्याने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला आणि युरोपीयांना परवान्याची गरज उरली नाही ती या सवलतींमुळे. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध मागणी केली होती. वसाहतीच्या राज्यात भेदभाव निदान कागदावर सापडतो. फ्लोरिडात तो कागदावर नव्हता, म्हणून त्याला न्यायाधीशाच्या आठवणीतून बाहेर यावे लागले. भारतातला अन्याय त्यामुळे सौम्य ठरत नाही. पण दोन्हीकडचे पुरावे वाचण्याची पद्धत वेगळी ठेवावी लागते.

अलाबामात १९५६ मध्ये हाच प्रश्न एका अर्जाच्या रूपाने आला. माँटगोमेरीतील बसबहिष्कार सुरू असताना ३० जानेवारीला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर किंग यांनी शेरिफच्या कचेरीत जाऊन मोटारीत बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. घरावर बाँब पडलेल्या माणसाला रस्त्यावर जिवाचे भय आहे, हे सिद्ध करण्यासाठी आणखी काय हवे होते? अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेल्या परवान्यात कारण विचारले जाते; ते पटणे अर्जदाराच्या हाती नसते. त्याच काळात किंग यांनी शस्त्राविषयी पुनर्विचार केला आणि अहिंसक चळवळीच्या नेत्याने बंदूक बाळगू नये, या निष्कर्षाला ते आले, हे त्यांनीच सांगितले आहे. फेब्रुवारी १९५९ मध्ये ते गांधींच्या देशात आले तेव्हा हा अर्ज तीन वर्षे जुना झाला होता. त्यांच्या चरित्राची आपल्याकडील मांडणी या अर्जाला सहसा वगळते. तसे करू नये. नकार मिळालेल्या अर्जासह वाचले तर त्यांचा निर्णय अधिक अवघड, आणि म्हणून अधिक खरा, दिसतो.

उत्तरेतील मिशिगनची व्यवस्था दिसायला वेगळी होती. तेथे १९२७ च्या कायद्यापासून प्रत्येक काउंटीत सरकारी वकील, शेरिफ आणि राज्य पोलिसांचा प्रतिनिधी यांचे मंडळ छुपे पिस्तूल बाळगण्याचे परवाने देत असे. जुलै २००१ पासून पात्रतेच्या अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना देणे बंधनकारक झाले. १ डिसेंबर २०१५ रोजी ही मंडळे बरखास्त होऊन काम काउंटी क्लार्ककडे गेले. एकवीस वर्षांचे वय, प्रशिक्षण आणि बोटांचे ठसे अशा या अटी आहेत. परवाना नसेल तर पिस्तूल रिकामे करून, बंद पेटीत घालून, मोटारीच्या डिकीत ठेवावे लागते. परवानाधारकावर मात्र आणखी एक बंधन आहे: पोलिसाने गाडी थांबवली की आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने लगेच सांगितले पाहिजे. लपवण्याचा अधिकार देणारा कागदच येथे बोलण्याची सक्ती करतो.

मिनेसोटात अशी सक्ती नाही. पोलिसाने विचारले तरच सांगावे लागते. तेथे ६ जुलै २०१६ रोजी फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार पोलिसाने थांबवली. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने आपणहून, शांतपणे सांगितले. काही क्षणांतच पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मोटारीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले.

न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी ‘योग्य कारण’ दाखवावे लागत असे. ती अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केली आणि अधिकाऱ्याच्या विवेकावर उभी असलेली व्यवस्था देशभर मोडीत निघाली. दक्षिणेने त्याही पुढे मजल मारली. अलाबामात १ जानेवारी २०२३ पासून आणि फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून छुपे पिस्तूल बाळगण्यास परवाना लागत नाही. किंग यांना ज्यासाठी अर्ज करावा लागला होता, ते माँटगोमेरीत आता पात्र प्रौढाला अर्जाविना करता येते. शेरिफच्या कचेरीतून परवाने मात्र अजूनही दिले जातात. मोटार घेऊन दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला तेथील कायद्यापुढे दाखवायला तो कागद लागतो.