बुलढाण्याची ताराबाई आणि आपल्या मुली

बुलढाणा जिल्हा म्हटले की लोक सिंदखेडराजाचे नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या बुलढाणा गावात ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला, तिथल्याच कॉलेजातल्या पोरापोरींना आम्ही विचारले तर ह्या कोण म्हणून आमच्याचकडे पाहतात. म्हणून विहाराच्या ह्या वर्धापनदिनी हे चार शब्द.

ताराबाईंचा जन्म 1850 चा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचाराचे. मुलगी शाळेत घालायची रीत नव्हती, तेव्हा त्यांनी तिला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. एका बापाने मनावर घेतले, एवढ्यावरून पुढचे सगळे घडले.

1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, बदनामीच्या भीतीने जन्मलेले मूल मारले म्हणून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवरच तोंडसुख घेतले. तेव्हा बुलढाण्यात बसून ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. 1882 साली ती पुण्यात छापली गेली, प्रती 500. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच काय पाप केले, असा तिचा रोकडा सवाल. बायकांवर जो जो दोष लादता तो तुमच्यात किती आहे ते मोजा, म्हणते. गावातल्या बाईने भांडावे तशी भाषा, म्हणूनच झोंबली. टीका झाली तेव्हा 1885 मध्ये 'सत्सार'मधून बाजू घेतली ती क्रांतीबा फुल्यांनी. पण ताराबाईंनी पुन्हा काही छापले नाही. पुस्तक विस्मरणात गेले, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी परत छापले. नव्वद वर्षांवर वाया गेली की हो!

कुणी म्हणेल, ताराबाई मराठा घरातल्या, आपला काय संबंध? मग आपल्याकडचे पाहा. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रस्त्याने ओझी वाहत होत्या. शिकल्या, मिशनच्या शाळेत मास्तरीण झाल्या, तर वरच्या जातीच्या लोकांनी आपली मुले काढून घेतली आणि नोकरी गेली. त्यांनी 1922 साली नागपुरात मुलींची स्वतःची शाळाच काढली, संत चोखामेळ्याच्या नावाने. आणि 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष आपल्या शेजारच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच नेमा, असाही ठराव झाला. आमची उमर गिरणीत गेली, तेव्हा हा ठराव किती मोलाचा ते आम्हांला सांगावे लागत नाही. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बजावले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका.

ती घाई अजून गेलेली नाही. सरकारच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर बायांपैकी जवळपास 22 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. जयंतीला निळा झेंडा धरणारे घरसुद्धा दहावीच्या पोरीला स्थळ पाहायला लागते, तेव्हा आम्ही काय बोलावे? गेल्या साली आपल्याच वस्तीतल्या एका पोरीने मैत्रिणीच्या बापाला अडवले, शाळेतल्या बाईंना बोलावून आणले, आणि लग्न दोन वर्षे पुढे गेले. नाव छापत नाही, तिला कुणाचा त्रास नको.

'स्त्री-पुरुष तुलना'ची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवली आहे. वहीत सही करून आठ दिवस घरी नेता येते. आतापर्यंत वहीत सहा सह्या झाल्या, त्यातल्या पाच मुलींच्या.