आधी नहर, मग पुरा

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नसते. पैठण गेटकडून येणारी गर्दी आणि मछली खडकाकडून येणारी गर्दी सुपारी मारुतीजवळ एकमेकींत अडकते. त्याच गुलमंडीवर रात्री उशिरा जाऊन बघा. शटर खाली आलेली असतात आणि वरच्या मजल्यांवर फारसे दिवे दिसत नाहीत. तिथे पूर्वी कुटुंबं राहत, आता अनेक ठिकाणी मालाची गोदामं आहेत. जुनी माणसं म्हणतात, शहर वाढलं आणि गावपण गेलं.

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे, की ते तपासून बघत नाही. वाढ झाली की गावपण जातंच का? आपल्या शहराचा इतिहास तसं सांगत नाही.

1610 मध्ये मलिक अंबरने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडलं. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी तोवर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला होता. वस्ती वाढवायची तर आधी पाणी हवं, हे त्याने ओळखलं. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर, त्याने गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. तिचं पाणी मशिदींच्या हौदांत गेलं, हवेल्यांत गेलं, रस्त्यांवरच्या कारंजांत गेलं. लोटा कारंजा या मोहल्ल्याच्या नावात ते कारंजं अजून शिल्लक आहे.

पाण्यामागून पुरे आले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावं मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या भोसले सरदारांची. मलिक अंबरच्या मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर म्हटलं. 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हा आला आणि औरंगाबाद हे नाव रूढ झालं. राजपूत सरदारांचेही पुरे वसले: जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. आलमगिराच्या काळातल्या शहराच्या नकाशावर एवढी राजपूत नावं आहेत, ही गोष्ट आज दोन्ही बाजूंच्या लोकांनी लक्षात ठेवावी. करणपुऱ्यात देवीची यात्रा नवरात्रात आजही भरते.

म्हणजे हे शहर वाढलं ते एका पुऱ्याला दुसरा पुरा जोडत. प्रत्येक पुऱ्यात सरदाराचा वाडा, त्याच्या आश्रयाने आलेले कारागीर, पाण्याची सोय, देऊळ किंवा मशीद, छोटा बाजार. ‘बावन पुरे, बावन दरवाजे’ असं लोक म्हणतात ते यामुळेच. शहर मोठं होत गेलं, पण माणसाचा रोजचा वावर एका पुऱ्याएवढाच राहिला.

तो काही सुवर्णकाळ नव्हता. पुरा सरदाराच्या दौलतीवर उभा असे. दौलत हलली की पुरा ओस पडे. 1763 च्या सुमारास निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि सगळ्या शहरावरच ती वेळ आली. कोट मोठा आणि आतली माणसं थोडी. आपल्या आजोबांच्या आठवणीतलं शांत औरंगाबाद पुष्कळसं या ओहोटीतून आलेलं आहे. रिकामेपणालाही आपण गावपण म्हणत आलो आहोत. तो रिकामेपणा परत आणता येणार नाही आणि आणूही नये. पोटासाठी शहरात येणाऱ्याला घर लागतंच.

1900 मध्ये रेल्वे आली, 1958 मध्ये विद्यापीठ आलं. सत्तरच्या दशकापासून सिडको वसू लागली, चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांनी माणसं खेचली. 2001 च्या जनगणनेत पावणेनऊ लाखांच्या आत असलेलं शहर 2011 मध्ये पावणेबारा लाखांवर गेलं. सिडकोत निदान रस्ते आणि गटारं आखलेली होती. गुंठेवारीत तेही नव्हतं. शेताचे गुंठे पडले, घरं उभी राहिली आणि 2001 चा कायदा ती नियमित करायला मागून आला. पाणी तर अजून वाटेत आहे. जायकवाडीहून ते पंपाने वर चढवावं लागतं आणि नळाची वाट कित्येक दिवस बघावी लागते. मलिक अंबरचा क्रम आपण उलटा केला.

जुन्या शहरातून लोक बाहेर गेले ते केवळ जागेसाठी नव्हे. 1988 च्या दंगलीनंतर घर बदलताना शेजार कोणाचा हे आधी पाहिलं जाऊ लागलं. हिंदू कुटुंबं एका बाजूला सरकली, मुसलमान कुटुंबं दुसऱ्या. गुलमंडीवर दोघं आजही भेटतात, पण बहुतेक वेळा गिऱ्हाईक आणि दुकानदार म्हणून. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाची मुलगी दहावीला आहे, हे बाजारातल्या ओळखीत कळत नाही. त्याला भिंतीला भिंत लागून राहावं लागतं.

म्हणून जुनं शहर वाचवायचं म्हणजे दरवाजांना रंग देऊन दिवे लावायचे, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. रस्ता रुंद करताना घरांचे दर्शनी भाग कापले गेले, आणि उरलेल्या खोल्यांत राहण्यापेक्षा त्या दुकानाला देणं परवडू लागलं. दुकानावरच्या मजल्यावर राहणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्या, जुना वाडा दुरुस्त करायची परवानगी सोपी करा, कोटाच्या आत भाड्याची छोटी घरं होऊ द्या. आणि बाहेर नव्या वसाहतीला मंजुरी देताना पाणी कुठून येणार हे आधी विचारा.

2023 मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. खडकीपासून मोजलं तर हे चौथं नाव. नावावर आपण खूप भांडलो. गुलमंडीवरच्या वरच्या मजल्यांवर रात्री दिवा लागेल का, यावर मात्र आपण अजून बोलायलाही सुरुवात केलेली नाही.