साउंडबार, होम थिएटर अचानक दणकतंय? आवाज सांभाळायची ही पद्धत घरात सगळ्यांना शिकवा

पाळण्यात बाळ झोपलेलं, आजीचा नुकताच डोळा लागलेला. पोरगा मोबाईल ब्लूटूथला जोडतो, गाणं लावतो आणि साउंडबार एकदम फुल आवाजात दणकतो. रिमोट सापडेपर्यंत सगळं घर जागं. अशा वेळी मशीन बिघडलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा चूक आवाज वाढवण्याच्या क्रमात असते.

आवाज तीन ठिकाणी ठरतो

जुन्या रेडिओला आवाजाचं एकच बटण असायचं. जिथं फिरवून ठेवलं तिथंच ते राहायचं, नुसतं बघून कळायचं. आता आवाज तीन ठिकाणी ठरतो: मोबाईल किंवा टीव्हीवर, ॲपमधल्या बास-इक्वलायझरमध्ये आणि शेवटी साउंडबार किंवा ॲम्प्लिफायरवर.

एकाचा मोबाईल बारीक वाजतो म्हणून तो साउंडबार वाढवून ठेवतो. नंतर दुसरा येऊन फुल आवाजाचा मोबाईल जोडतो, आणि दणका तिथंच बसतो. काही मशीनची गोल बटणं नुसती फिरत राहतात, त्यावर खूण नसते. त्यामुळे आवाज किती ठेवलाय ते दिसतच नाही.

टीव्हीला ऑप्टिकल वायर लावली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच टीव्हींमधून त्या वायरीतून आवाज पूर्ण ताकदीने बाहेर जातो. टीव्हीच्या रिमोटने तो कमी होत नाही, साउंडबारचाच रिमोट लागतो.

रोज पाळायचा क्रम

१. जोडण्याआधी साउंडबारचा आवाज अगदी कमी करा.
२. मोबाईलचा आवाज साधारण पाऊण ठेवा. मग गाणं लावा.
३. साउंडबारचा आवाज हळूहळू वाढवा. पुढे कमी-जास्त तिथूनच करा. काही ब्लूटूथ स्पीकरमध्ये दोन्हीकडचा आवाज एकत्रच हलतो, तिथं एकच बटण वापरा.
४. बंद करताना आधी आवाज कमी, मग बटण बंद.
५. लाईट गेली तर मशीनचं बटण लगेच बंद करा. लाईट आल्यावर काही मशीन आपोआप चालू होतात.
६. वायर काढताना-घालताना आवाज शून्यावर ठेवा.

आवाज फाटला की थांबा

बास पूर्ण वाढवून वर आवाजही फुल केला की मशीनला तो झेपत नाही. आवाज खरखरतो, फाटतो. तसंच वाजवत राहिलं तर स्पीकरची कॉइल तापून जळू शकते. आवाज फाटला की आधी बास कमी करा, मग आवाज.

कानाचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ९० ला साधारण ४ तास, आणि १०० डेसिबलला आठवड्यात फक्त २० मिनिटं.

मोबाईलवर डेसिबल दाखवणारी मोफत ॲप मिळतात, पण त्यांचा आकडा ढोबळ असतो. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. लहान मुलांना स्पीकरसमोर बसवू नका, थोडं लांब बसवा.

कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. गाणं बंद केल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी येऊ लागलं तर घरगुती तेल घालत बसू नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

शेजाऱ्यांचाही विचार

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दहा वाजले की निदान बास तरी बंद करा. बासचा घुमघुम आवाज भिंतीपलीकडे सगळ्यात आधी पोचतो.

एवढं सगळं लक्षात राहत नसेल तर घरातल्या पोरांना एकच सांगा: जोडायच्या आधी आवाज कमी, मग हळूहळू वाढवा.